कंपाउंडरांच्या आठ्या

मरणाला टेकलेल्या माणसाचं चित्र काढायचं, ते लाकडावर कोरायचं आणि नातेवाइकांना प्रती छापून द्यायच्या, हा ठसेबाईंचा उद्योग. वडील साबणाच्या वेष्टनांचे ठसे कोरायचे. हात त्यांचा घेतला, गिऱ्हाईक मात्र बाईंनी स्वतः शोधलं: हलत नाही, तक्रार करत नाही.

कंपाउंडर निघाले अपवाद. जन्मभर रोग्यांवर खेकसलेला माणूस; अंथरुणाला खिळला तरी तोंड शाबूत.

"नाक केवढं काढलंय, बघू."

बाईंनी कागद समोर धरला. "बरोबर आहे," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडले. त्याच आठवड्यात गेले.

पहिली प्रत पाहताच सून दचकली. "अहो, हे अंगावर येतायत!"

"आठ्या होत्याच त्यांच्या कपाळाला."

"होत्या हो," थोरला मुलगा म्हणाला, "पण चार माणसं भेटायला येणार. जरा प्रेमळ करा ना बाबांना."

ठशावर जी रेघ उंच राहते तिलाच शाई लागते. ती तासून टाकणं सोपं, परत आणणं अशक्य. बाईंनी पटाशी घेऊन आठ्या तासल्या, ओठ जरा सैल केले. कंपाउंडर असे दिसू लागले, जणू कडू औषध कुणाला कधी दिलंच नाही. सगळे खूश. हळूहळू घरात त्यांच्या मायेच्या गोष्टी निघू लागल्या. ज्या जावयाला त्यांनी कधी उंबरा ओलांडू दिला नाही, त्याच्याकडे तर सगळ्यांत जास्त गोष्टी.

मग एका दुपारी कंपाउंडरांची बायको एकटीच बाईंकडे आली.

"ते पहिलं छापलेलं आहे का गं?"

"आहे की. का हो काकू?"

"अगं, बाहेरच्या खोलीत टांगलेला तो माणूस माझ्या ओळखीचा नाही. जन्मभराचं बोलायचं राहिलंय माझं. तोंड उघडावं, तर हसतो मेला!"

बाईंनी शाईचे डाग पडलेली ती प्रत कपाटातून काढून दिली. काकूंनी ती उजेडात धरली, आठ्या निरखल्या आणि कंबरेवर हात ठेवला.

"हां. आता कसं!"

प्रत काकूंच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटली. रोज सकाळी दार उघडतं, काकूंचा आवाज चढतो. बाहेर मुलं आपसांत हळू बोलतात.

"आई बाबांशी बोलतेय," थोरला डोळे पुसत सांगतो. "काय जीव होता दोघांचा एकमेकांवर!"