मामींच्या चादरी आणि ती बाटली

आठवड्यातून तीनदा मुलुंडच्या एका छोट्या सेंटरमध्ये माझं डायलिसिस होतं. शेजारच्या खुर्चीवर कांजूरमार्गचे एक मामा असायचे. मध्यंतरी मामांसकट तिघांना थंडी वाजून ताप भरला आणि मामा थेट आयसीयूत गेले. सिस्टर मामींना म्हणाली, "घरी स्वच्छता ठेवत नसाल." मामी बिचाऱ्या रोज चादरी उकळायला लागल्या.

ते वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं. मीच म्हणायचे ना!

बाविसाव्या वर्षी मी घाटकोपरच्या एका प्रसूतिगृहात नर्स होते. टोपीला इतकी कडक इस्त्री, की अक्कल शिरायला फटच नव्हती. टाके पुसायच्या औषधाची बाटली अर्धी झाली की न धुताच वरून भरायची, नळाचं पाणी घालून. रंग गुलाबी आला की झालं! एका बाळंतिणीने विचारलं, "सिस्टर, औषधाला वास येतोय का हो?" मी फणकारले, "औषधात जंतू मरतात बाई, राहत नाहीत." तिचे टाके पिकले. मग आणखी दोघींचे. मेट्रनने सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या, पण त्या बायकांना खरं कुणी सांगितलं नाही. मी तर "आंघोळ करत जा" म्हणून मोकळी. शहाणी!

म्हणून मामा आयसीयूत असताना सिस्टर सुया टोचण्याआधी हात पुसायच्या जंतुनाशकाची बाटली घेऊन आली, तसा मी हात शालीखाली ओढला.

"हे लावायचं नाही."

"आजी, सीलबंद येतं हे. जंतुनाशकात जंतू कसे जगतील?"

"मलाही असंच वाटायचं. तेव्हा मी तुझ्याहून देखणी होते आणि तुझ्याइतकीच मठ्ठ."

डॉक्टर धावत आले. "आजी, आज डायलिसिस चुकलं तर छातीत पाणी होईल. हट्ट नको."

"होऊ दे. दुसऱ्या कंपनीचं औषध आणा. आणि ही बाटली तपासायला पाठवा, सोबत एक न उघडलेलीही."

दोन तास तशीच बसले. पाय सुजलेले, श्वास जड. भीती वाटत होती, पण दाखवतंय कोण! शेवटी समोरच्या केमिस्टकडून दुसरं औषध आलं.

काही दिवसांनी रिपोर्ट आला. मामांच्या रक्तातला जंतूच दोन्ही बाटल्यांत होता, सील न तोडलेल्या बाटलीतही. म्हणजे घाण कारखान्यातूनच आलेली. सगळा माल परत गेला. मामांचा ताप एव्हाना उतरू लागला होता.

डॉक्टर हळूच म्हणाले, "आजी, हे बाहेर बोलू नका हं. पेशंट घाबरतील."

"घाबरू देत. एकदा गप्प बसले, तेवढं पुरे."

एका हातात सुया होत्या. दुसऱ्या हाताने मी मामींना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असा.

"मामी, चादरी उकळणं बंद करा. घाण त्यांच्या बाटलीत होती, तुमच्या घरात नाही."

पलीकडून बारीक आवाजात, "नक्की ना हो?"

"नक्की. डॉक्टर इथेच उभे आहेत. विचारा त्यांना."