बदकं मारायचा टीव्ही

तुम्ही दोघं गणपतीत येऊन गेलात, समोरच्या घरात बसून मनसोक्त बदकं मारलीत आणि विमानात बसलात. तो टीव्ही तिथे कसा आला हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही. तुमच्या आजोबांनी तर मुद्दामच सांगितलं नाही. म्हणून मी लिहून ठेवते आहे. कुठे शब्द अडला तर बाबाला विचारा, त्याचं मराठी अजून बऱ्यापैकी शाबूत आहे.

सुरुवात व्हिडिओ कॉलवर झाली. तुमच्यातल्या थोरल्याने विचारलं, बाबाचा लहानपणचा व्हिडिओ गेम अजून मुलुंडच्या घरी आहे का. तिकडे त्याच्या एका मित्राकडे असलंच जुनं यंत्र आहे म्हणे, आणि त्या मित्राचं ठाम मत की ते खेळायचं तर जाड टीव्हीवरच. पाठीला पोक असलेल्या. सपाट टीव्हीवर त्यात काही मजा नाही.

"आजोबा, तुमच्याकडे फॅट टीव्ही आहे?"

"आहे तर," आजोबा म्हणाले. "तू ये फक्त. बघतो तुला."

व्हिडिओ गेम होता. टीव्ही नव्हता. फोन बंद झाल्यावर मी ही गोष्ट त्यांच्या लक्षात आणून दिली. घरात सपाट टीव्ही आला तेव्हा जुना मी जिन्यात ठेवून वॉचमनला न्यायला सांगितलं होतं, आणि त्यांच्या देखतच सांगितलं होतं. ते म्हणाले, मिळेल गं, मुंबईत काय मिळत नाही.

एरवी तुमचे आजोबा थापा मारणाऱ्यातले नाहीत. त्यांनी हे का केलं, ते मला माहीत होतं. त्याआधी तुम्ही आला होतात तेव्हा सोफ्याच्या एका टोकाला थोरला फोन घेऊन बसायचा, दुसऱ्या टोकाला आजोबा पेपर घेऊन. आजोबा विचारायचे, शाळा काय म्हणते. नातू म्हणायचा, गुड. मग दोघंही आपापल्या वाचनाकडे वळायचे. धाकटीचा प्रश्नच नव्हता, ती माझ्या मागे स्वयंपाकघरात मुक्कामाला असायची आणि अखंड बोलायची. तुम्ही गेल्यावर आजोबा मला म्हणाले होते, "पोरगा चांगला आहे गं. पण माझं काय करायचं ते त्याला कळत नाही, आणि त्याचं काय करायचं ते मला." आता नातवाने आपणहून काहीतरी मागितलं होतं. नाही कसं म्हणणार?

यंत्र माळ्यावर सापडलं, कारण माझ्या माळ्यावर वस्तू सापडतात. दोन रिमोट, पिवळ्या कॅसेटी आणि ती नारिंगी बंदूक, सगळं जुन्या चादरीत बांधलेलं होतं. आजोबांचा पहिला विचार असा की आधी आपल्या सपाट टीव्हीवर लावून बघू, त्या मित्राला काय कळतं. यंत्राच्या पिना टीव्हीच्या कुठल्याच भोकात बसेनात. मग स्टेशनजवळच्या दुकानातून एक डबी आणली, इकडून पिना घालायच्या आणि तिकडून टीव्हीची वायर. चित्र दिसलं. पण ते दोन्ही बाजूंनी ओढून ताणलेलं होतं. त्यातला उड्या मारणारा मिशीवाला माणूस आमच्या गल्लीतल्या हलवायासारखा आडवा झाला होता. शिवाय तो उशिरा उडी मारायचा. बटण दाबलं की विचार करायचा, मग खड्ड्यात पडायचा. आजोबा म्हणाले, "मी आज दाबतो, हा उद्या उडतो. सरकारी नोकरीत आहे काय हा?"

बदकांचं तर विचारूच नका. बंदूक रोखून, एक डोळा मिटून, श्वास धरून त्यांनी चाप ओढला. बदक आरामात उडत गेलं. पुढचंही गेलं. खालच्या गवतातून खेळातला तो कुत्रा बाहेर येऊन हसला. त्यांना वाटलं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये काही राहून गेलं. मी बंदूक घेतली. मलाही तो कुत्रा हसला, तेव्हा कुठे त्यांना बरं वाटलं.

मग आम्ही थोरल्यालाच विचारलं, म्हणजे मी विचारलं, आजोबांना न कळवता. त्याने मेसेजवर लांबलचक उत्तर पाठवलं. बंदुकीतून काही सुटत नाही. ती फक्त पडद्यावरचा उजेड बघते. जाड टीव्हीच्या काचेच्या नळीत तो उजेड त्याच क्षणी पडतो. सपाट टीव्ही चित्र आधी आत नीट लावून घेतो आणि मग दाखवतो, तोवर बंदुकीची बघायची वेळ टळलेली असते. म्हणजे मित्राचं बरोबर होतं. शेवटी त्याने लिहिलं होतं, "पण तुमच्याकडे तर आहेच ना."

त्यानंतर आजोबा खरोखर हिंडायला लागले. जुन्या टीव्हीची दुकानं आता मोबाइलची कव्हरं विकतात. घाटकोपरला त्यांचे ऑफिसातले एक मित्र राहतात, त्यांच्याकडे चालू स्थितीतला जाड टीव्ही निघाला. आम्ही यंत्र घेऊन रिक्षाने गेलो. टीव्ही सुरेख होता, बदकंही पटापट पडली. फक्त तो शोकेसमध्ये होता. त्यांच्या सुताराने आधी टीव्ही भिंतीशी ठेवला आणि मग त्याच्याभोवती शोकेस बांधली. पुढून काढावा तर चौकट आड येते, मागून काढावा तर भिंत. बातम्या बघायला त्यांनी शोकेसच्या बाजूला दुसरा सपाट टीव्ही टांगला होता. जुना नुसताच आत बसलेला, पिंजऱ्यातल्या अस्वलासारखा. मित्राची बायको म्हणाली, त्यात काय, मुलांना रोज इकडेच घेऊन या, मी पोहे करीन. आजोबांनी परत येताना या सूचनेवर गंभीरपणे विचार केला. मी केला नाही.

नंतर सोसायटीचा प्रोजेक्टर झाला. क्रिकेटच्या मॅचसाठी घेतलेला आहे, आजोबा कमिटीत असल्याने मिळाला. कम्पाउंडच्या भिंतीवर चादर लावली. बदकं म्हशीएवढी दिसायला लागली. आजोबा त्यांच्या इतके जवळ गेले की त्यांची सावलीच चादरीवर पडली. एकही बदक मेलं नाही. कुत्राही म्हशीएवढाच, त्यामुळे तो हसला तेव्हा बिल्डिंगमधली पोरं जमिनीवर लोळली. सेक्रेटरींनी नंतर अतिशय सौम्यपणे सांगितलं की प्रोजेक्टर सामन्यांसाठीच वापरलेला बरा.

एवढ्यात तुम्ही आलातच.

पहिल्याच सकाळी थोरल्याने हॉलमध्ये नजर फिरवली. त्याने काही विचारलं नाही, आजोबाच घाईने म्हणाले, टीव्ही दुरुस्तीला दिलाय, आज-उद्या येईल. दुसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा तो म्हणाला, "इट्स ओके, आजोबा." खिशातून फोन काढला आणि सोफ्याच्या आपल्या टोकाला जाऊन बसला. तो शहाणपणाने म्हणाला, मला ठाऊक आहे. पण आजोबा पेपर उलटा धरून बसले होते, हे मी स्वयंपाकघरातून पाहिलं.

समोरच्या काकूंकडे गौरी-गणपती असतो. काकू, त्यांचे यजमान आणि काकूंच्या सासूबाई, असं ते मालवणकडचं घर. दरवर्षीप्रमाणे आम्ही सगळे आरतीला गेलो. आरती झाली, एकेकाने पुढे होऊन नमस्कार केला. आजोबांची पाळी आली. त्यांनी गुडघे टेकले, डोकं खाली नेलं आणि ते तसेच राहिले. वर येईनात. मागे रांग थांबली. काकूंचे यजमान हळूच म्हणाले, या वर्षी भावोजी फारच लीन झालेत. मला वाटलं, कंबर धरली. मी वाकून विचारलं, "अहो, उठवू का?"

ते जमिनीलगत राहूनच कुजबुजले, "खाली बघ."

गणपतीच्या आसनावर लाल जरीचं कापड होतं. त्याचा काठ एका कोपऱ्यात थोडा सरकला होता, आणि आत एक काळं बटण दिसत होतं. बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. तो ठिपका माझा. चालू करायचं बटण आजोबांना चष्म्याशिवाय सापडत नसे, म्हणून मी लावला होता.

काकूंनी कौतुकानेच सांगितलं. त्यांचं टेबल डगमगायचं, मूर्ती हलायची. वॉचमन जिन्यातून एक टीव्ही नेत होता, तो त्यांनी मागून घेतला. इतका जड आहे वहिनी, की दहा माणसं आरतीला नाचली तरी हलत नाही. कोणाचा होता, ते त्यांनी विचारलं नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं दर गणपतीत आम्ही समोर जाऊन आमच्याच टीव्हीपुढे डोकं टेकत होतो.

आता अडचण नीट समजून घ्या. एकदा प्राणप्रतिष्ठा झाली की विसर्जनापर्यंत मूर्ती जागची हलवत नाहीत. विसर्जन गौरींबरोबर, आणि तुमचं विमान त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे. म्हणजे सबंध मुंबईत सापडलेला एकुलता एक मोकळा जाड टीव्ही, आणि त्यावर साक्षात गणपती बसलेला.

आजोबांनी एक दिवस कळ काढली. मग दुपारी ते एकटेच समोर गेले. मी मागोमाग गेले, कारण ते काय बोलतील याचा मला अंदाज होता. ते काकूंना म्हणाले, मूर्ती हलवायचीच नाही. फक्त पुढचं कापड वर टाचू. पडदा तर आपल्याकडेच तोंड करून आहे.

काकू चांगल्या आहेत, पण त्यांना ते काही पटेना. देवाच्या आसनाला वीज लावायची? पुढे ठेवलेल्या नैवेद्याचं काय? आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. "भावोजी, तुम्ही बंदूक म्हणालात ना? म्हणजे पोरं बंदूक देवाकडे रोखणार?"

आजोबा म्हणाले, थोडी खाली रोखणार.

हे उत्तर फारसं उपयोगी नव्हतं. काकूंचा चेहरा बघून मी आजोबांना घरी न्यायच्या बेतात होते. तेवढ्यात ते मला म्हणाल्यासारखं करून काकूंनाच म्हणाले, "पोरगा म्हणतो, इट्स ओके. नातवाने आपल्याला इट्स ओके म्हणावं, यापेक्षा त्याने रडून गोंधळ घातला असता तर परवडलं असतं."

कोपऱ्यातल्या पलंगावर काकूंच्या सासूबाई बसल्या होत्या. गणपतीत घरी पत्त्यांचे डाव बसतात आणि सगळ्यात जास्त डाव त्याच जिंकतात. त्या पत्ते पिसता पिसताच बोलल्या. "तेच्यासमोर रातभर पत्ते खेळतत, तेव्हा तो कायव बोलणा नाय. ह्यो पण खेळच मां? मारूंदेत बदकां. फकत उंदराक लागता नये."

सासूबाईंच्या पुढे त्या घरात अपील नाही. फळांचं ताट डावीकडे सरकलं, समई उजवीकडे. बाबाने ऑफिसचा कॉल कानाला लावलेला असतानाच वायरी जोडल्या. दिव्यांच्या माळांसाठी एक्स्टेंशन बोर्ड होताच. काकूंनी स्वतः कापड वर घेतलं आणि दोन सेफ्टी पिना लावल्या. आजोबांनी लाल ठिपका दाबला. टीव्हीने आधी खोल आवाज केला, तापलेल्या धुळीचा वास सुटला आणि चित्र आलं. अर्धा पडदा जांभळा आला, कारण आरतीचा मोठा स्पीकर त्याला चिकटून ठेवला होता. हे थोरल्यानेच ओळखलं. स्पीकरच्या लोहचुंबकाने असं होतं म्हणाला, आणि तो लांब नेऊन टीव्ही बंद-चालू केल्यावर जांभळ्याचं खरोखर निळं आकाश झालं.

पहिलं बदक आजोबांनी पाडलं. त्यांनी बंदूक खाली ठेवली, वर बघून हात जोडले, पुन्हा बंदूक उचलली.

पुढचे दिवस तुम्हाला माहीतच आहेत. दर्शनाला येणारी माणसं आधी वर नमस्कार करायची आणि मग खाली वाकून स्कोअर विचारायची. एका बाईंनी बंदुकीलाही हळदकुंकू वाहिलं. धाकटीने सासूबाईंना उड्यांचा खेळ शिकवला. त्या खड्ड्यात पडल्या की मालवणीत जे बोलायच्या, ते तिला समजलं नाही हे बरं झालं.

पण शेवटच्या दुपारची एक गोष्ट तुमच्यापैकी कोणीच पूर्ण पाहिलेली नाही. बाबा धाकटीला घेऊन खरेदीला निघाला होता. थोरल्यालाही विचारलं, तर तो येत नाही म्हणाला. काकूंकडे सगळी विसर्जनाच्या तयारीत, त्या खोलीत फक्त तो आणि आजोबा. काही वेळाने आजोबा घाईघाईने घरी आले आणि मला म्हणाले, चहा टाक, दोन कप. मी विचारलं, तो चहा घेतो? ते म्हणाले, घेतो म्हणाला. मी विचारलं, साखर किती घालू? ते दारात जाऊन जिन्याच्या पलीकडे ओरडले, "साखर किती रे?"

समोरून आवाज आला, मराठीत, जरा वाकड्यातिकड्या मराठीत. "दोन चमचे. आणि आजोबा, लवकर ये. नाही आला तर तुझा टर्न मी खेळणार."

कोणी आपल्याला अरे-तुरे केलं तर त्यांना मुळीच खपत नाही, हे सगळ्या सोसायटीला ठाऊक आहे. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "अगं, चहा तूच आण. हा खरंच खेळेल." चपला न घालताच ते समोर गेले.

मी दोन्ही कप घेऊन गेले तेव्हा दोघं एकाच सतरंजीवर बसले होते आणि बंदूक कोणाकडे यावरून त्यांचं भांडण चाललं होतं. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. कप फळांच्या ताटाशेजारी ठेवले आणि परत आले. थोरल्याने चहा संपवला. आजोबांचा तसाच राहिला, त्यावर साय आली.