अळीनं कुरतडलेली पानं

शेवंतामावशी आज सकाळी गेली. वय झालं होतं.
मी मात्र तिला चाळीस वर्षं आधीच पाठवणार होते.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलेलं. नागपूर. मी दहावीत.
आमच्या क्वार्टर्सच्या मागे शेजारच्या शेवंतामावशीनं लावलेला गोडलिंब होता. (त्याला कढीपत्ता म्हणणारे लोक वेगळे.)

त्याच्यावर अळ्या. लहानपणी पाखराच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून पाखरं त्यांच्या वाटेला जात नाहीत. मोठ्या झाल्या की हिरव्यागार. बोट लावलं की डोक्यातून दोन लाल शिंगं आणि घाणेरडा वास.
मी किंचाळायचे.

"काहून भेऊन राहिली वं? तिच्यापाशी ना डंख, ना जहर. भेव दाखवून जगते बिचारी."
"मावशी, झाड खाऊन टाकतात त्या!"
"संत्रा, लिंबू, बेल, गोडलिंब. एवढ्याच सोयऱ्यांकडं जेवते ते. आपल्यासारखी कुठंबी ताट मांडून बसत नाही."

मावशीचा नियम होता. चटणीला अळीनं कुरतडलेली पानं आधी तोडायची.
अळी जगली, म्हणजे पान चांगलं. फुकटची लॅबोरेटरी.

एका दुपारी मावशी बाजारात गेली होती. माझ्या काकांच्या संत्र्याच्या बागेतली कीडनाशक औषधाची बाटली आमच्या घरी पडून होती. ती मी ढेकूण मारायच्या पंपात ओतली आणि झाडावर मारली.
पाणी किती घालायचं ते बाटलीवर बारीक इंग्रजीत होतं. मी घातलंच नाही.

अळ्या टपाटप पडल्या. मी त्या झाडून नालीत टाकल्या. पुरावा साफ.
कुरतडलेली पानं मात्र झाडावरच राहिली.

दुसऱ्या दिवशी मावशीनं नेमानं तीच तोडली. पडशानं तिचं नाक बंद होतं.
चटणीची वाटी आमच्याकडे आली.
"घे वं, तुह्या आईले आवडते."

ती गेल्याबरोबर मी वाटी मुद्दाम सांडली. आईनं थोबाडीत दिली. गाल लाल, तोंड बंद.

भिंतीपलीकडे मावशी भाकरी थापत होती. तिचं दार पंधरा पावलांवर.
मी उठले नाही.
बाबा मारतील, ही भीती पहिल्या नंबरवर. मावशी मरेल, ही दुसऱ्या. लिहायला लाज वाटते, पण रँकिंग तेच होतं.

थापण्याचा आवाज थांबला.
मग ताट सरकवल्याचा आला.
मी कानात बोटं घातली.

तासाभरात आरडाओरडा. मावशी घामानं ओलीचिंब, तोंडातून लाळ, श्वास घेता येत नव्हता. चौघांनी रिक्षात घातलं. मीही मागे दवाखान्यापर्यंत पळाले.
डॉक्टर ओरडले, "कोणतं जहर पोटात गेलं ते सांगा! कळल्याशिवाय इंजेक्शन कोणतं देऊ?"

तेव्हा कुठे मी वळले. धावत घरी गेले, बाटली आणली. अळ्यांवर मारलं होतं, एवढंच सांगितलं.
मावशी वाचली.

पुढे जो भेटेल त्याला ती सांगायची, "इनं वाचवलं मले. किती पळाली पोरगी!"
मी मान खाली घालायचे. लोकांना तो विनय वाटायचा.

मावशी, मी वाटी सांडली तेव्हा तू अजून जेवायला बसली नव्हतीस.

एवढं एक वाक्य. रोज तुझ्या दारापर्यंत नेलं आणि परत आणलं.
माफी मागत नाही. तू ती लगेच दिली असतीस, त्याचंच जास्त भेव वाटायचं.

शेवटचा जय भीम, मावशी.