शेवाळं असेल, पण अक्कल?

माझी ताई लोकांचे कान तपासते. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, हेडफोन लावायचे, आवाज आला की त्याने बोट वर करायचं. ती स्वतः त्याच्या पाठीमागे बसते, कारण तिचा चेहरा बघूनच लोक बोट वर करतात. मध्येच ती मुद्दाम आवाज देत नाही. तरीही बोटं वर होतात! "ऐकू यावं असं वाटत असतं गं त्यांना," असं म्हणत ती ते बोट बेधडक रद्द करते. घरीही तशीच. भाजी ताजी आहे म्हटलं तरी हिला पुरावा हवा.

फक्त एका बाबतीत तिला पुरावा लागत नसे. विश्वात दुसरीकडे कुणीतरी शहाणं असणारच, हे तिचं ठाम मत. बाबांनी आयुष्यभर बस चालवली, ते तिला चिडवायचे, "शेवाळं असेल, किडामुंगी असेल. पण अक्कल? अक्कल असती तर एव्हाना हाक नसती मारली?" की ताई उसळलीच. "एवढे तारे, त्यांच्याभोवती एवढे ग्रह! आणि आपण कान लावून बसलोय कधीपासून? कालपरवापासून! ऐकू आलं नाही म्हणजे कुणी नाही, असं होत नाही बाबा." ताटातलं गार व्हायचं, दोघंही हटायचे नाहीत.

मग बाबांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. आता श्वास नीट आहे, घास भरवला की गिळतात. पण बोलत नाहीत, कुणाकडे बघत नाहीत. डॉक्टर म्हणाले, जीव आहे, समज उरली असण्याची शक्यता फार कमी. बाबा दादाकडे असतात. दादा वाईट नाही, पार थकलाय. त्याने शहराबाहेर एक संस्था शोधली. "त्यांना आपण कळत असू तर मी मरेपर्यंत करीन," तो म्हणाला, "पण कळतच नसेल तर?" रविवारी तो जागा बघायला गेला आणि तिथून फोन करणार होता. आम्ही दोघी त्याच्या घरी बाबांजवळ थांबलो. ताई म्हणाली, "आपण तपासू."

ती सवयीने पलंगाच्या उशाशी, बाबांच्या मागे बसली. "बाबा, ऐकू येत असेल तर डोळे मिटा." "मिटले!" मी समोरून म्हणाले. पुन्हा सांगितलं, पुन्हा मिटले. मी रडायलाच लागले. मग ताई नुसतीच गप्प राहिली. बाबांनी तेव्हाही डोळे मिटले.

"पापण्या सगळ्यांच्याच लवतात," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "अगं, मागे काय बसलीस? पेशंट आहेत का ते? तोंड तरी दाखव त्यांना!"

ती समोर आली. हात कुठे ठेवावेत तेही तिला कळेना. आणि एकदम भांडायलाच लागली. "तुम्ही चुकताय बाबा. असणारच कुणीतरी. बोला ना, नाही म्हणा!" एकेक मुद्दा मांडून ती थांबायची, त्यांच्या उत्तराइतकी जागा सोडायची, मग पुन्हा सुरू. आवाज चढत गेला. बाबा तिच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत होते.

फोन वाजला. ताईने स्पीकर लावला.

"जागा आहे इथे," दादा म्हणाला. "आत्ता हो किंवा नाही सांगायचंय. कळतंय का त्यांना?"

"कळतंय," ताई म्हणाली.

"नक्की?"

"अरे, मी रोज हेच काम करते."

पलीकडे दादा कुणाला तरी "नको, जागा नको" म्हणाला. मग आम्हाला म्हणाला, "बरं. येतो घरी."

मी ताईचा दंड धरला. "काय दिसलं तुला? खरं सांग."

"काहीच नाही गं," ती म्हणाली, आणि बाबांच्या उशीत तोंड खुपसून हमसून रडायला लागली.