गान सुई-बोकचा अंगठा

गान सुई-बोक याला मी मनापासून पाण्यात पाहत असे, हे प्रारंभीच नमूद करतो. त्याच्याविषयी पुढे जे लिहिणार आहे, ते वाचकाने हे ध्यानात ठेवूनच घ्यावे.

आमच्या आनपिंग बंदरातल्या जुन्या डच किल्ल्यात आम्ही दोघेही विनावेतन लोकांना वास्तू दाखवीत असू. मी निवृत्त इतिहास-शिक्षक. किल्ल्यात अठरा वर्षांची सेवा, प्रत्येक भिंतीची सनावळी मुखोद्गत. तो तीन वर्षांपूर्वी आलेला, चौथीत शाळा सोडलेला गवंडी. त्याचा बाप कालवांच्या शिंपल्या भाजून चुना करी. त्या चुन्यात चिकट तांदळाची पेज आणि उसाची काकवी कालवून सुई-बोकने चाळीस वर्षे देवळांच्या आणि जुन्या घरांच्या भिंती सांधल्या होत्या.

"डच लोक साखर विकायचे आणि उरलेली भिंतीला पाजायचे," असे तो सांगे. विधान निराधार होते. पण लोक हसत, आणि माझ्या गटातले तिघे-चौघे हळूच त्याच्याकडे सरकत. सन विचारला की तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सारून तो म्हणे, "लई जुनं!" शरदातल्या पौर्णिमेच्या सणाला पाहुण्यांनी त्याला पपनसांच्या सात पिशव्या पाठवल्या. मला एक शुभेच्छापत्र आले, तेही छापील.

त्या हिवाळ्यात हॉलंडहून काही अभ्यासक येणार होते. त्यांना किल्ला कोणी दाखवायचा हे ठरवण्यासाठी कार्यालयातल्या सी बाई आम्हा दोघांबरोबर एक फेरी मारणार होत्या. तो मान मला हवा होता. अठरा वर्षांत मी दुसरे काही मागितले नव्हते.

पहिली पाळी माझी होती. मी बाईंना सरळ दक्षिणेच्या भिंतीशी नेले; सुई-बोक मागोमाग येत होता. तेथे दोन विटांमधल्या चुन्यात एक खळगा आहे.

"येथे बोट ठेवा," मी म्हणालो. "साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याचा हा अंगठा."

बाईंनी बोट ठेवले. त्यांचा चेहरा उजळला. नेमकी त्याच वेळी सुई-बोकची बायको डबा घेऊन आली. ती दरवाजाबाहेर कालवांची आम्लेटे विकते, आणि तिचा आवाज अख्ख्या गल्लीला पुरतो.

"अगं बाई! गुरुजी, हा तर माझ्या या म्हाताऱ्याचा अंगठा!"

"गप गं," सुई-बोक म्हणाला.

"का गप? वादळात भिंत पडली, ती कोणी बांधली? लग्नाच्या वर्षी! रोज संध्याकाळी चुन्यात अंगठा दाबायचा आणि सकाळी बघायचा, वाळला का ते. घरी यायचा तो चुन्याचे हात घेऊन, अन् माझा नवा लाल झगा..."

"लाल कसला, निळा होता तो," तो म्हणाला आणि जीभ चावली.

सी बाईंनी मान वळवली. "गानकाका, खरं आहे का?"

सुई-बोकने माझ्याकडे पाहिले, मग जमिनीकडे. "छे हो बाई! हिचं काय मनावर घेता? मी बांधली ती पलीकडची भिंत. गुरुजी शिकलेले आहेत, ते चुकायचे नाहीत."

तीन वर्षे तो आपल्या माणसांना या भिंतीकडे का आणत नसे, हे मला त्या क्षणी उमगले. मी त्याला बाजूला घेतले.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं की. पण तुम्ही इतकं झकास सांगता गुरुजी! दोन-चारदा ऐकून मलाच वाटायला लागलं, असेल बुवा कुणा डचाचा."

मी गप्प राहिलो असतो तर मान माझाच होता. बाई माझ्या बाजूला झुकल्या होत्या, हे मला स्पष्ट दिसत होते. पण तो मान त्याने मला दान दिलेला असणार होता. पाहुणे त्याचे, हशा त्याचा, पपनसे त्याची. आता मनाचा मोठेपणाही त्याचाच? एवढे मात्र मी त्याला मिळू देणार नव्हतो. सत्यप्रेमाने मी पुढे झालो असे कोणी म्हणू नये.

मी त्याचे मनगट धरले आणि डावा अंगठा त्या खळग्यात ठेवला. अंगठा पेरापाशी वाकडा होता. खळगाही तसाच वाकडा होता.

"बाई, भिंत यांची आहे," मी म्हणालो. "अठरा वर्षे मी चुकीचे सांगितले."

"बघा! मी काय म्हणत होते?" त्याची बायको म्हणाली आणि डबा माझ्याच हातात कोंबला. "खा गुरुजी, तोंड उतरलंय तुमचं."

पाहुण्यांना किल्ला सुई-बोकने दाखवला. "तारखा तुम्ही सांगा," म्हणून तो आदल्या दिवशी घरी येऊन गेला होता. मी सर्दीचे कारण दिले. बाजारात नंतर कळले की हॉलंडची माणसे तीनदा खळखळून हसली, आणि एका वृद्ध प्राध्यापकाने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. सांगणाऱ्या मासेवालीला मी दोनदा विचारले, दोन्ही हातांतच धरला ना? ती हो म्हणाली. मी मासे न घेताच परत आलो.