जाखडीचा ताल आणि यांचे पाय

कंपवातामुळे आमच्या यांचे पाय जमिनीला चिकटायचे. आमचं बोरीवलीचं घर केवढंसं, पण पलंगावरून उठून संडासाकडे निघाले की मधेच खांबासारखे उभे राहायचे. मी ओढायला जायचे आणि दोघंही पडायचो. शेवटी मुलगा म्हणाला, "आई, डायपर लावूया. तुझी कंबर पण जाईल." हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्या दिवसापासून यांनी पाणी पिणंच सोडलं.

यांचा व्यायाम घ्यायला एक डॉक्टरीण मुलगी येते. तिने विचारलं, "काकी, काका तरुणपणी गायचे, नाचायचे का?"

"गणपतीत जाखडी नाचायचे. पायात चाळ बांधून, गोल."

"मग तोच ताल द्या."

"मी? अगो बाय, जाखडीत बायका वाजवत नाहीत!"

ती म्हणाली, "काकांच्या मेंदूतला चालायचा नेहमीचा रस्ता अडलाय. ताल दुसऱ्या रस्त्याने जातो."

मला वाटलं, पोर थट्टा करते. तरी पोह्यांचा डबा रिकामा केला, उलटा धरला आणि लाजत बोटं मारली.

यांचा उजवा पाय उचलला. मग डावा. माझा हातच थिजला, तसे हेही थांबले.

"थांबू नको गो!"

किती महिने नुसते पुटपुटणाऱ्या माणसाचा हा आवाज! मी घाबरून जोरात बडवायला लागले. हे चालले, पण संडासाकडे नाही. वाकून, पाय आपटत, त्या मुलीभोवती गोल फिरायला लागले.

"अवो, संडास तिकडे!"

"जाखडी काय सरळ नाचतात?"

डॉक्टरणीने तोंडावर हात ठेवला. "काकी, या आजारात वळणंच सगळ्यात कठीण. आणि काका वळतायत!"

मी खालीच बसले, पण डबा सोडला नाही.

मग तीच म्हणाली, "गणपती घरी आणताना कसं वाजवतात? ते वाजवा." तिने लाद्यांवर रंगीत पट्ट्या आडव्या चिकटवल्या, एकेक ओलांडत जायला. मी ताल बदलला. कधी गायला लागले ते कळलंच नाही. आयुष्यात परक्या माणसासमोर तोंड उघडलं नव्हतं.

हे एकेक पट्टी ओलांडत संडासापर्यंत गेले, आत शिरले आणि माझ्या तोंडावर दार लावून घेतलं.

मी दाराबाहेर तशीच उभी, डबा छातीशी. आतून आवाज आला, "गप का झालीस? परत यायचं हाय मला."