दातबाईच्या घरची भाजी

दातबाई समोरून येताना दिसली की माणसं तोंड मिटतात. चांगली चौकात बसून गप्पा हाणणारी माणसं, तिला पाहिलं की ओठ असे आवळून घेतात की आत चोरीचा माल असावा. काहींच्या आत असतोही म्हणा. पण मिटून उपयोग नाही. दातबाई सरळ पुढ्यात येऊन उभी राहते, पिशवीतून छोटा आरसा आणि टॉर्च काढते आणि म्हणते, "आ कर." मग समोर शाळेतलं पोर असो, दुकानदार असो नाहीतर पोलीस असो. पोलिसाला "आ करा" म्हणते, एवढाच काय तो फरक.

ती डॉक्टर नाही, हे आधी सांगून टाकतो. सव्वीस वर्षांपूर्वी आरोग्य केंद्राच्या दाताच्या खोलीत ती हत्यारं धुवायला लागली. खोली म्हणजे काय, एक खुर्ची, तिचा पायाकडचा खटका बिघडलेला, म्हणून खाली लाकडी ठोकळा दिलेला, आणि एक खिडकी. डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस येतात, सोमवारी आणि गुरुवारी. त्या दोन दिवसांत लोक रांग लावायचे ते एकाच कामासाठी. "काढून टाका." किडली, काढा. दुखते, काढा. शेजारणीने काढली, माझीही काढा! दातबाई ट्रेमध्ये पडणाऱ्या दाढा धूत बसायची आणि तिचा जीव तुटायचा. निम्म्या दाढा वाचल्या असत्या. सहाव्या वर्षी मागे जी दाढ येते, ती कोणताही दात न पडता गुपचूप येते. आयांना वाटतं दुधाचीच आहे, पडेल आपोआप. ती कायमची असते आणि कायमची जाते.

शेवटी एका मंगळवारी, डॉक्टर नसतात त्या दिवशी, ती पिशवी घेऊन स्वतःच बाहेर पडली. कोणी सांगितलं नव्हतं. शाळा झाली, बाजार झाला, वीटभट्टी झाली, लाकडाच्या वखारीचं फाटक झालं. डॉक्टरांनी आधी कपाळावर आठ्या घातल्या, मग रीतसर शिकवलं. काय बघायचं, काय विचारायचं, कोणाला लगेच खोलीवर पाठवायचं. तोंडाच्या आजाराचे चार प्रश्न तिला इतके पाठ झाले की झोपेतून उठवून विचारा. आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का? तिखट झोंबतं का? आत पांढरा-लाल डाग आहे का? पंधरा दिवसांत न भरलेली जखम आहे का? त्यातली तीन बोटं तर इतकी गाजली की पोरं रस्त्याच्या पलीकडून तिला तीन बोटं दाखवतात. तीही दाखवते. नवख्या माणसाला वाटतं, हे काय खूळ आहे!

आणि तिच्याबरोबर ते तोंड असायचं. मोठं, कापडी तोंड. लाल मखमलीचं, आत कापूस भरलेले पांढरे दात, बरोबर बत्तीस, आणि मधे गुलाबी जीभ. दोन्ही हातांनी उघडलं की पोराचं डोकं आत मावेल एवढं. पोरं त्यावर कपडे धुवायच्या ब्रशने दात घासायला शिकली. ते शिवलं होतं तिच्या नवऱ्याने.

तिचा नवरा शिंपी. घराच्या पुढच्याच खोलीत मशीन, दोरीवर लटकलेले अर्धवट शर्ट, आणि ओठांत टाचण्या. सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत ओठांत चार-पाच टाचण्या असायच्याच, त्यामुळे त्याचं बोलणं म्हणजे "हं", "उं" आणि "उद्या". गिऱ्हाइकाला कपडे कधी मिळतील याचं उत्तर तर टाचण्यांमुळे कधीच स्पष्ट ऐकू आलेलं नाही. पण माणूस सोन्यासारखा. ते कापडी तोंड त्याने रविवारच्या रविवार बसून महिनाभर शिवलं. प्रत्येक दाढ वेगळी. "पुढचे दात काय, दिसायला असतात गं," तो म्हणायचा, "शिवण खरी बघायची ती मागची."

लग्नानंतर तो सुपारी-तंबाखूच्या पुड्या खायचा. दातबाईने काम सुरू केलं तेव्हा त्याला शपथ घालून सोडायला लावल्या. सोडल्या म्हणाला. तिने विश्वास ठेवला. ठेवणारच ना! घरच्या माणसाला कोण टॉर्च मारून बघतं?

आता भांडणाची गोष्ट. तीनेक वर्षांपूर्वी नवरा जेवताना म्हणाला, "भाजी तिखट झालीय."

"रोजच्याइतकंच तिखट आहे," दातबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी परत तेच. आठवड्याने परत. मग तर रोज घास घेतला की चेहरा वाकडा, भाकरी पाण्यात बुडवायची आणि "जरा हात आवर की मिरचीला." दातबाई दिवसभर लोकांच्या तोंडांशी झुंजून यायची, आणि घरी येऊन वर हे ऐकायचं? तिचं टाळकं सणकायचं. "पंचवीस वर्षं गोड लागली ती भाजी, आता काय झालं? माझ्या हाताला काटे फुटले?" तो पाण्याचा तांब्या ओढायचा. ती आणखी चिडायची. एकदा तर तिने ताट उचलून सरळ सासूबाईंपुढे ठेवलं, "आई, तुम्ही सांगा, तिखट आहे?"

सासूबाईंनी कवळी नीट बसवली, घास घेतला, चावला. आयुष्यात पहिल्यांदा सुनेची बाजू घेत त्या म्हणाल्या, "छे! मला तर आळणीच लागते."

"ऐकलंत?" दातबाई म्हणाली. नवरा उठला, हात धुतला आणि मशीनवर जाऊन बसला. त्यानंतर दोन दिवस त्या घरात फक्त मशीनच बोलत होतं.

एवढं सगळं समोर होतं हो. तो हसताना आता ओठ दाबून हसायचा, तिला वाटायचं रुसलाय. घास लहान घ्यायचा, तिला वाटायचं मुद्दाम करतोय. जांभई अर्धीच द्यायचा. गावातल्या कुठल्याही माणसाच्या बाबतीत तिने हे दुरून ओळखलं असतं. पण स्वयंपाकाला कोणी नावं ठेवली की बाईचे कान बंद होतात, आणि मी हे हसण्यावारी नेत नाही, तिचेही झाले.

तो दिवस बुधवारचा. दुपारी वखारीच्या फाटकाशी बायकामाणसं जमली होती. दातबाईने कापडी तोंड उघडून धरलं आणि चार प्रश्न सुरू केले. दुसऱ्या प्रश्नावर एक तरणी बाई फिसकन हसली.

"तिखटाचं विचारता होय? आमच्या माणसाचं तेच चाललंय. भाजी तिखट, भाजी तिखट! मी म्हटलं, दुसरी बघा मग स्वयंपाकाला."

"कधीपासून?" दातबाईने विचारलं.

"झाले की दोन महिने."

झालं. दातबाई अशी कडाडली की वखारीतली करवत थांबली. "अगं, भाजी तिखट नाही झाली, त्याचं तोंड आतून चामड्यासारखं होत चाललंय! पुड्या खातो ना? तो दोन महिने तुला सांगतोय की मला होतंय काहीतरी, आणि तू काय केलंस? भांडत बसलीस? घरच्या माणसाचं बोलणं कळू नये तुला? दोन महिने!"

आणि तिथे ती थांबली. तोंड उघडंच राहिलं. बायकांना वाटलं, बाईला चक्कर आली. कोणीतरी पाणी पुढे केलं. तिने पाणी घेतलं नाही. त्या बाईला एवढंच म्हणाली, "उद्या त्याला खोलीवर आण, नक्की आण," आणि कापडी तोंड काखोटीला मारून निघाली. पिशवी तिथेच राहिली. भर उन्हात ती अशी चालली की वाटेत पोरांनी तीन बोटं दाखवली, तिकडे तिचं लक्षही गेलं नाही.

घरी एक गिऱ्हाईक हात पसरून उभं होतं, एक बाही लागलेली, एक नाही. नवऱ्याच्या ओठांत टाचण्या.

"टाचण्या काढा," दातबाई म्हणाली.

"उं?"

"काढा म्हणते ना!"

तिचा चेहरा बघून त्याने एकेक टाचणी काढून मशीनवरच्या छोट्या गादीत टोचली. मग तिने फक्त हात वर केला आणि तीन बोटं दाखवली. तो समजला. इतकी वर्षं घरात तोच पाठ ऐकत होता, न समजायला काय झालं? मग त्याने बोटं उभी धरली आणि तोंडाला लावली. दोन गेली, तीही घासून. तिसरं बाहेरच राहिलं.

पिशवी वखारीत राहिलेली, म्हणून तिने मशीनचा दिवा ओढून त्याच्या तोंडाशी धरला. गालाच्या आतली कातडी पांढरी पडलेली, ताणलेल्या दोऱ्यासारखे कडक पट्टे. आणि डाव्या बाजूला एक डाग. तिने रुमालाने पुसून पाहिला. तो पुसला गेला नाही.

"मी नंतर येतो," एका बाहीचं गिऱ्हाईक म्हणालं आणि तसंच निघून गेलं.

नवऱ्याने न विचारताच बटणांचा डबा पुढे केला. वर पांढरी बटणं, खाली पुड्या. "सोडल्या होत्या गं खरंच," तो म्हणाला, "वर्षभर. मग परत सुरू झाल्या. तुला कसं सांगू? तू गावभर लोकांना सांगत फिरतेस. लोक म्हणाले असते, आधी नवऱ्याचं तोंड बघ."

"लोकांना घाला खड्ड्यात! मला का नाही सांगितलंत?"

तीच मग खाली बसली, कापडाच्या चिंध्यांत. "सांगितलंत की. रोज सांगितलंत. मीच ताट आईंच्या पुढे नेऊन ठेवलं."

गुरुवारी डॉक्टरांनी डागाचा एक बारीक तुकडा काढला आणि तपासायला मोठ्या दवाखान्यात पाठवला. आयुष्यभर सुयांशी खेळलेला हा माणूस, पण तोंडातल्या सुईला पाहून त्याने दातबाईचा हात असा धरला की तिच्या बांगडीचा वळ उठला. कर्करोग आहे की नाही, ते तीन आठवड्यांनी कळणार होतं.

ते तीन आठवडे दातबाई घाबरलेली होती. उगाच मोठे शब्द कशाला, घाबरलेली होती. शाळेत कापडी तोंड उघडलं की एकेक दाढ बघून तिला ते रविवार आठवायचे. घरात मिरची बंद झाली. सासूबाई आळणी भाजी मुकाट्याने गिळत होत्या, आणि त्या बाईने मुकाट्याने काही गिळावं म्हणजे घरावर काय वेळ आली असेल ते समजा. डबा दातबाईने रिकामा केला, आणि पुन्हा पुड्या दिसल्या तर बटणं खायला घालेन असं बजावलं. तो हसला, ओठ दाबून. आता तिला ते हसू रुसल्यासारखं वाटलं नाही, आणि म्हणूनच बघवलं नाही.

कागद आला. डॉक्टरांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "बाई, कर्करोग नाही. अजून नाही." दातबाईने 'नाही' ऐकलं आणि 'अजून'ही ऐकलं. ती डॉक्टरांच्या टेबलाला धरून उभी राहिली आणि भडाभडा रडली, बाहेर रांग लागलेली असताना.

मग सुरू झाली पट्ट्यांची शिकवणी. घसा बघताना जिभेवर दाबतात त्या लाकडी पट्ट्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, दिवसातून पाच वेळा, आणि जमेल तशी एकेक वाढवायची. सुरुवात तेरा पट्ट्यांनी झाली. मधूनमधून गालात इंजेक्शनं. तोंड पूर्वीसारखं कधीच उघडणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणि डाग दर दोन महिन्यांनी बघायचा होता. शिंप्याच्या ओठांतल्या टाचण्या गेल्या आणि दातांत पट्ट्या आल्या. गिऱ्हाइकांना "उद्या" तरीही ऐकू येत नव्हतंच. चौदावी पट्टी गेली तेव्हा त्याने मशीन थांबवून बायकोला हाक मारली. सोळावीला सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला.

एका बुधवारी तो स्वतःच वखारीच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. दातबाई दुसऱ्या प्रश्नावर आली तेव्हा त्याने हात वर केला. "मला झोंबायचं," तो म्हणाला. "दोन वर्षं. मी खरं बोललो नाही." एवढंच बोलला आणि लाजून कापडी तोंडामागे जाऊन उभा राहिला. त्या दिवशी नऊ पुरुषांनी आपणहून बोटं तोंडाला लावली. एरवी दोन लावली तरी पुष्कळ.

आठ महिने झाले. रविवारची दुपार, तिघं जेवायला बसलेली. नवऱ्याने घास घेतला, चावला, परत एक घेतला. मग भाकरी ताटात ठेवली.

"काय ही भाजी," तो म्हणाला, "हिला काही चव? घरातल्या मिरच्या संपल्या का?"

सासूबाई म्हणाल्या, "मी कधीची हेच म्हणतेय, पण माझं ऐकतंय कोण!"

दातबाईने त्याच्याकडे पाहिलं. डोळे भरून आले तसा तिचा पाराही चढला, दोन्ही एकदमच. "अठ्ठावीस वर्षं तुमच्यापुढे ताट वाढतेय, आणि माझ्या भाजीला नावं ठेवता?"

"ठेवतो," तो म्हणाला.

"ठेवा," ती म्हणाली. "रोज ठेवा." आणि पदराने डोळे पुसत ती आत मिरच्या आणायला गेली.